न कापलेला चेंडू

माझ्या बापाने माझा फुटबॉल मेंढ्यांच्या कातरीने कापला, ही गोष्ट तुम्ही कदाचित पाहिली असेल. तिचा दोन-तीन मिनिटांचा तुकडा अजून मोबाइलवरून फिरतो. त्यात मी रडतो, मागे बासरी वाजते, आणि एक परीक्षक खुर्ची सोडून येऊन मला मिठी मारतात. खाली लोकांनी लिहून ठेवलंय. कुणी म्हणतं, असा बाप वैऱ्यालाही मिळू नये. कुणी म्हणतं, अडाणी माणूस, त्याला काय कळणार खेळातलं. ही सगळी मतं मी एकेक करून वाचली आहेत, खपली काढावी तशी. गोष्ट खोटी आहे. आमच्या घरात असं काहीही घडलं नाही. मी ती एका दुपारी रचली, आणि रचायला हातातला चहा संपेपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही.

आम्ही नांद्याचे. आता नांदे म्हटलं की लोक विचारतात, हिंजवडीपासून किती मिनिटं? माझ्या लहानपणी हा प्रश्न कुणाला पडत नव्हता, कारण हिंजवडीतही तेव्हा ऊस आणि भातच होता. आमच्याकडे चाळीस-पन्नास मेंढरं, थोडी शेरडं आणि ओढ्याकडेला भाताची दोन खाचरं. पावसाळ्यात इकडच्या चिखलात मेंढरांचे खूर कुजतात, म्हणून चुलता कळप घेऊन देशावर जायचा आणि आबा, म्हणजे माझे वडील, भातासाठी मागे राहायचे. वर्षाचे बाकीचे महिने मेंढरं आणि आम्ही पोरं एकाच गायरानावर असायचो.

सगळं गाव क्रिकेट खेळत असताना आम्हाला फुटबॉल लागला तो कोल्हापूरकडून बदलून आलेल्या एका मास्तरांमुळे. त्या बाजूच्या माणसाला हा खेळ शिकवावा लागत नाही म्हणतात. दोन वर्षांनी त्यांची पुन्हा बदली झाली तेव्हा त्यांनी शाळेचा जुना चेंडू आमच्या हवाली केला आणि हेडमास्तरांना तो हरवला म्हणून सांगितलं. त्यांचं खोटं कुणाला लागलं नाही. खोटं बोलण्यातही पात्रता लागते, हे मला फार उशिरा कळलं.

आबा या खेळाला लाथाळी म्हणायचे. 'झाली का लाथाळी सुरू?' म्हणत काठीवर हनुवटी टेकून उभे राहायचे. आमच्या भांडणाच्या आवाजाने मेंढरं बुजायला लागली, तेव्हा एके दिवशी त्यांनी तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली. मेंढरं वळली आणि आम्हीही थांबलो. त्या दिवसापासून आबा आमचे पंच. नियम त्यांना एकही ठाऊक नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःचा एक केला, 'पडंल त्याचा चेंडू.' कुणी पाडलं, का पाडलं, चौकशी नाही. साहजिकच आम्ही सगळे पडण्यात तरबेज झालो. पुढे पडद्यावर मला गोळ्या लागल्या, जिन्यावरून ढकलून दिलं गेलं, एकदा तर सख्ख्या भावाने विष घातलं. दिग्दर्शक दर वेळी म्हणायचे, पडतोस मात्र छान.

मास्तरांनी दिलेला तो चेंडू एकदा बाभळीच्या फांदीत अडकला आणि काढताना शिवणीत उसवला. मी गळा काढला. आबांनी मला बांधावर बसवलं, घरून दाभण आणला, लोकरीचं सूत पिळून दुहेरी केलं आणि घोंगडीच्या दोन पट्ट्या जोडतात तशी ती उसवण शिवली. आतलं ब्लॅडर पोरांनी तोवर सायकलवाल्याकडून ठिगळ लावून आणलं होतं. शिवलेल्या बाजूला चेंडू जड झाला आणि तेव्हापासून तो कायम डावीकडे ओढ घ्यायचा. मी डाव्या पायाचा खेळाडू झालो तो त्या शिवणीमुळे, असं मी आजही मानतो. हे सगळं मला इतकं लख्ख आठवतं, म्हणून तर माझी मलाच जास्त लाज वाटते. विसरून खोटं बोललो असतो तर गोष्ट वेगळी होती.

पुण्याला कॉलेजात गेलो, तिथल्या संघात आलो, आणि एक दिवस मैदानावर सिनेमाची माणसं आली. त्यांच्या नायकाला फुटबॉलपटूचं काम करायचं होतं आणि त्याला चेंडूवर पाय ठेवून उभंही राहता येत नव्हतं. त्यांना पाय हवे होते. अशा रीतीने माझी पडद्यावरची पहिली भूमिका म्हणजे गुडघ्याखालचे दोन पाय. वरचा सगळा माणूस दुसरा. पण मी घरी सांगितलं, आणि आबा इस्त्रीचं धोतर नेसून आईला घेऊन चिंचवडच्या थेटरात गेले. माझ्या डाव्या घोट्यावर विळ्याचा जुना व्रण आहे. तो पडद्यावर दिसताच आबा अंधारात उभे राहिले आणि ओरडले, 'ह्ये पाय आमचं हायेत!' मागच्यांनी त्यांना खाली बसवलं. आईने ही गोष्ट मला हसत हसत सांगितली होती, आणि मीही तेव्हा खूप हसलो होतो.

पायांवरून वर सरकत सरकत मी चेहऱ्यापर्यंत पोचलो. मुंबईत राहायला गेलो, मालिका मिळू लागल्या. नायकाचा धाकटा भाऊ, नायिकेचा होऊ न शकलेला नवरा, दोन वेळा इन्स्पेक्टर. हा धंदा असा की दीडशे भाग रोज घराघरांत दिसावं आणि एकशेएक्कावन्नाव्याला कुणाला आठवू नये. रविवार मात्र मी कधी कुणाला दिला नाही. दर रविवारी सकाळी आम्ही काही कलाकार एका शाळेच्या मैदानावर फुटबॉल खेळायचो. तिथे मी कुणाचा भाऊ नसायचो आणि मला कुणी ओळखलं नाही तरी चालायचं. त्या दोन तासांत मी खरा होतो, असं म्हणायचा मोह होतोय. निदान त्या दोन तासांत मी काही बोलत नव्हतो, एवढं नक्की.

मग तो कार्यक्रम आला. दर आठवड्याला कलाकारांनी आपला एखादा छंद स्टेजवर करून दाखवायचा, लोकांनी मतं द्यायची, शेवटचा येईल तो घरी. मी चेंडूच्या करामती करत होतो आणि तिसऱ्या आठवड्यातच तळाला गेलो होतो. माझ्या आधी एका अभिनेत्रीने आईच्या दुखण्याची गोष्ट सांगितली होती आणि मतं नुसती धो धो पडली होती. तिची गोष्ट खरी होती. मला त्या बाईचा हेवा वाटला. दुसऱ्याच्या आईच्या दुखण्याचा हेवा वाटणारा माणूस कोणत्या थराला गेलेला असतो, ते तुम्हीच ठरवा.

आमच्या कहाण्या लिहून घ्यायला एक बाई होत्या. भल्या होत्या, दमलेल्या होत्या. त्यांनी विचारलं, "सर, घरून विरोध कितपत होता?"

"छे हो. वडील स्वतः पंच असायचे आमचे. शिट्टी मारायचे."

त्यांचं पेन थांबलं. "किती गोड! पण सर, हे फारच सुखाचं झालं. यात आम्ही काय दाखवू? एकदाही कधी चिडले नाहीत?"

मी चहाचा घोट घेतला. "एकदा त्यांनी माझा चेंडू कापला होता."

"कशाने?"

"कातरीने. मेंढ्यांची लोकर कातरायच्या."

त्या बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती नजर नट लोक बरोबर ओळखतात. नाट्यगृह भरलं की येते ती.

कातरच का सुचली, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. खोट्याला उभं राहायला एखादी खरी वस्तू लागते, आणि आमच्या घरात कातरीएवढं खरं दुसरं काही नव्हतं. धनगराच्या घरात कातर हे नुसतं हत्यार नसतं. दसऱ्याला ती देवापुढे मांडतात, तिला भंडारा लावतात. आमच्याकडे ती लोकरीखेरीज कशालाच लावायची नाही अशी सक्त रीत होती. लहानपणी मी एकदा तिने पतंगाचा कागद कापला होता. आबांनी मला हात लावला नाही. त्यांनी कातर धुतली, पुसली, तिला भंडारा लावला, आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. म्हणजे ज्या माणसाने कागदाला लागलेली कातर धुऊन घेतली, त्याच्या हातात मी ती देऊन तिने लेकराचा चेंडू कापवला. त्या बाईंना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. मला माहीत होतं.

भाग झाला. मी खरंच रडलो, आणि ते अश्रू खोटे नव्हते, हे सगळ्यात वाईट. आबांचा चेहरा डोळ्यांपुढे आणला की मला रडू येतं. तेच मी वापरलं. मतं आली, मी पहिल्या क्रमांकावर गेलो, आणि वाहिनीने सांगितलं की आता वडिलांना दाखवायचं. कॅमेरा नांद्याला जाणार.

मी आबांना फोन केला. गावाला फोन लावला की माझी जीभ आपोआप गावची होते. म्हणालो, "आबा, उद्या टीव्हीवाली मानसं येत्याल. ती तुमाला इचारतील, पोराचा चेंडू कातरीनं कापला का. तर तुमी... व्हय म्हना."

 पलीकडून मेंढरांचा आवाज येत होता.

"कातरीनं?" आबा म्हणाले.

"व्हय."

"आन् तू तसं सांगितलंयस?"

"सांगितलंय."

 मग म्हणाले, "किती वाजता येत्याल? मेंढरं सोडायच्या आदी आली तर बरं हुईल."

एवढंच. त्यांनी मला का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर मी कदाचित बिथरलो असतो, ओरडलो असतो, 'तुम्हाला नाही कळायचं' म्हणून फोन आपटला असता, आणि मग ते मला रागवले असते, आणि तिथेच ते संपलं असतं. त्यांनी ती सोय मला दिली नाही.

चित्रीकरणाला मी हजर होतो. गोठ्यापुढे आबांना उभं केलं. दिग्दर्शकाने त्यांच्या हातात कातर द्यायला सांगितलं. आई उंबऱ्यात उभी होती, ती कातर बाहेर आलेली पाहताच आत गेली आणि माणसं निघून जाईपर्यंत बाहेर आली नाही. आबांनी कातर दोन्ही तळव्यांवर आडवी धरली आणि म्हणाले, "व्हय, म्याच कापला. पोरगं शिकंना म्हनून राग आला हुता." पहिल्या वेळी विमान गेलं म्हणून आवाज बिघडला. दुसऱ्या वेळी एक बकरी मध्ये आली. तिसऱ्यांदा आबांनी तेच वाक्य तसंच्या तसं, तितक्याच खालच्या आवाजात म्हटलं. दिग्दर्शक माझ्या कानात म्हणाला, "सर, काका काय नॅचरल आहेत! तुम्हाला अॅक्टिंग कुठून आली ते आज कळलं." मी हसलो. बापाच्या गोठ्यात उभा राहून मी ती दाद घेतली.

मी तो कार्यक्रम जिंकलो नाही, दुसरा आलो. पण कामं वाढली. मुलाखतीत प्रत्येक जण कातरीबद्दल विचारू लागला आणि मी प्रत्येकाला सांगत गेलो. सांगताना तिच्यात भर पडत गेली. आधी चेंडूचे दोन तुकडे होते, मग चार झाले.

पुढचं मला आमच्या गोलीने सांगितलं. गोली म्हणजे गायरानावरच्या आमच्या संघाचा गोलकीपर. तो आता जवळच्या मारुंजीत टेम्पो चालवतो, भाड्याने राहायला येणाऱ्या आयटीतल्या पोरांचं सामान हलवतो. त्या भागात रोज कुणी ना कुणी घर बदलत असतं, त्यामुळे त्याला उसंत नसते. तरी त्याने भर दुपारी टेम्पो बाजूला लावून मला मुंबईला फोन केला.

आमच्याकडे मेंढ्यांची कातरणी सावडीने होते. आज आमच्या वाड्यावर सगळे, उद्या तुमच्या. कळपातली पहिली मेंढी कुणी कातरायची याला मान असतो. चांगला हात, स्वच्छ वागणूक, असा माणूस बघतात, त्याच्या हातून सुरुवात झाली की मेंढीला जखम होत नाही असं मानतात. जांब्यापासून माणपर्यंतच्या गावांतल्या आमच्या पावण्यारावळ्यांत कित्येक वर्षं तो माणूस म्हणजे आबा. त्या वर्षी पहिल्या मेंढीला त्यांना कुणी पुढे बोलावलं नाही. एका म्हाताऱ्या नातेवाइकाने चारचौघांत सांगितलं की चेंडूला कातर लावणारा हात मेंढीला नको. आबा तिथेच बसले होते.

"आन् आबा काय म्हनले?" मी गोलीला विचारलं.

"काय म्हनतील? उठून घरला आले." मग गोलीचा आवाज चढला. "आरं, म्या सोता हुतो गायरानावर. चेंडू शिवला तवा म्या धरून बसलो हुतो. सांगू का समद्यांना? तुज्या एका रडन्यापायी म्हातारा भाईर बसलाय, आन् तू तितं चार तुकडं करतोयस?"

"थांब," मी म्हणालो. "म्या येतो. म्याच सांगतो."

आलो. आबा गोठ्यात शेण ओढत होते. मी म्हणालो, "आबा, म्या समद्यांना सांगनार हाय, खोटं बोललो म्हनून."

त्यांनी खोरं टेकवलं. "आन् मग तुला काम कोन दील?"

"मिळंल."

"न्हाई मिळायचं. खोटारड्याला कोन हुबं करतंय? कातरनीचं काय घिऊन बसलास, माजं गुडगं धरल्यात. वाकवत न्हाई आता. न्हाई बोलीवलं ते बरंच झालं."

त्यांचे गुडघे चांगले होते. बोलता बोलता ते वाकून शेण ओढतच होते. पण मला नेमकं तेवढंच निमित्त हवं होतं. मी त्यांचं म्हणणं मानलं, आईच्या हातची भाकरी खाल्ली आणि दुपारीच मुंबईला परतलो. आपण बापाच्या शब्दाबाहेर गेलो नाही, असं मी गाडीत स्वतःला समजावलं. आयुष्यात ज्या मुलाने बापाचं एक ऐकलं नाही, तो त्या दिवशी आज्ञाधारक झाला.

त्यानंतर दोन वर्षांनी मारुंजीला फुटबॉलच्या सामन्यांचं उद्घाटन होतं. जाळ्या लावलेलं हिरवं मैदान, तिथल्या सोसायट्यांमध्ये राहणारी लातूरची, नागपूरची, जळगावची नोकरदार मंडळी आणि आसपासच्या गावांतले संघ. प्रमुख पाहुणा मी. गोलीने मला आधीच बजावलं होतं, तो म्हातारा नातेवाईक येणार आहे, पावणे येणार आहेत, आबांना पुढची खुर्ची ठेवली आहे, माइक तुझ्या हातात असेल. आता तरी तोंड उघड. मी मुंबईहून निघाल्यापासून वाक्य पाठ करत आलो होतो. साधं वाक्य होतं, माझ्या वडिलांनी माझा चेंडू कधीच कापला नाही. नटाला असली वाक्यं पाठ करायला कितीसा वेळ लागतो! मी ते द्रुतगती मार्गावर पन्नासदा म्हटलं, एकदाही अडखळलो नाही.

मैदानाच्या तोंडाशी लाल फीत बांधली होती. संयोजकांपैकी एक तरुण हौसेने पुढे आला. त्याच्या हातात तबक होतं आणि तबकात आमची कातर होती.

"सर, सरप्राइज!" तो म्हणाला. "आम्ही म्हटलं, साधी कात्री कशाला? काकांकडे जाऊन मागून आणली. त्यांनी लगेच दिली, म्हणाले, घेऊन जा."

कातर घासून, तेल लावून दिली होती. पात्यांवर भंडाऱ्याचा कण दिसत होता. फीत कापायला जाणार हे ठाऊक असून आबांनी ती आधी पुजली होती, म्हणजे मनात तिची माफी मागून घेतली होती. मी खुर्च्यांकडे पाहिलं. आबा पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्यामागे तो म्हातारा, दोन-तीन चुलते, आणि जाळीला टेकून गोली. फोन वर झाले, शे-दीडशे तरी असतील. सूत्रसंचालक माइकवर म्हणाला की ज्या कातरीने यांचं स्वप्न कापलं, त्याच कातरीने आज... पुढचं टाळ्यांत बुडालं.

मी ती उचलली आणि फीत कापली.

मग भाषण केलं. जिद्दीवर बोललो. पाठ केलेलं वाक्य घशाशी आलं आणि मी ते गिळलं, कारण समोर इतके आनंदी चेहरे होते आणि संध्याकाळी त्या वाहिनीच्या नव्या मालिकेसाठी मला बोलावणं होतं. त्यातलं दुसरं कारण खरं. मी भित्रा आहे, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. पडद्यावर इन्स्पेक्टर होतो ना. भाषण संपल्यावर पाहिलं तर गोली निघून गेला होता. त्याने त्यानंतर माझा फोन उचललेला नाही. आबा गर्दीतून माझ्याजवळ आले, माझ्या हातातून कातर घेतली, उपरण्यात गुंडाळली आणि म्हणाले, "ब्येस बोललास."

गेल्या वर्षीपासून आबांना विसरायला होतंय. डॉक्टर म्हणाले वयाचं आहे, वाढत जाईल. मेंढरं चुलत्याकडे दिली. ओढ्याकडचं खाचर विकलेलं नाही, पण भोवती तिन्ही बाजूंनी इमारती आल्या, आबा तिथे जातात आणि परतीची वाट विसरतात. मग सोसायटीचा रखवालदार, तोही बिचारा बिहारकडचा, त्यांना हाताला धरून घरी आणून सोडतो. आता मी महिन्यातून आठ-दहा दिवस नांद्याला असतो. काम कमी झालंय म्हणून जमतं, उगाच मोठेपणा नको.

परवा दुपारी जेवायला बसलो होतो. आईने ताट वाढलं. आबा भाकरीला हात लावेनात. माझ्याकडे टक लावून बघत होते. मला वाटलं ओळखत नाहीत. पण त्यांनी मला चक्क नावाने हाक मारली, लहानपणी मारायचे तशी, आणि म्हणाले, "म्या तुजा चेंडू कापला."

मी घास खाली ठेवला.

"लेकराचा चेंडू. कातरीनं," ते म्हणाले.  "कशापायी कापला म्या? किती रडला असशील तू. मला झोप येत न्हाई रं."

"आबा, तुमी न्हाई कापला," मी म्हणालो. "तसं काय झालंच न्हाई. म्या खोटं बोललो हुतो. टीव्हीवर. म्या."

इतकी वर्षं जे तोंडातून निघत नव्हतं ते असं सहज, आमटीच्या वाटीसमोर निघालं. ऐकायला आई होती आणि आबा. आबांनी मान हलवली.

"तुजं मन मोटं हाय, म्हनून तू आसं म्हनतुयास. पर मला ठावं हाय. म्या सोता सांगितलंय. कातर हातात घिऊन सांगितलंय."

आई पुढे झाली. "अवं, त्यो खरं बोलतुया. तुमी न्हाई कापला. मी हुते की घरात."

"तू गप. तू पयल्यापासनं माज्यावर पांघरून घालतीस."

मी त्यांना सगळं सांगितलं. त्या बाई, तो चहा, तो फोन. गोलीचं नाव सांगितलं. शपथ घेतली. जसजसा मी सांगत गेलो तसतसे ते जास्तच बेचैन होत गेले, मी त्यांना वाचवायला बघतोय असं त्यांना वाटत होतं आणि त्यांना वाचायचं नव्हतं. भाकरी तशीच होती. शेवटी त्यांनी माझं मनगट धरलं. हात अजून दणकट आहे.

"माफ केलं म्हन," ते म्हणाले. "येकदा म्हन. मग जेवतो म्या."

मी आईकडे पाहिलं. तिने तोंड फिरवलं.

"माफ केलं, आबा," मी म्हणालो.

आबांनी माझं मनगट सोडलं, मला दोन्ही हात जोडले, आणि भाकरी मोडून खायला लागले.